झेंड्याखालचं माणूस

नगरपालिकेच्या इमारतीत मागच्या बाजूला, जन्ममृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीला लागून, एक लांबट खोली होती. दारावर 'ध्वज कक्ष' अशी पाटी होती, पण त्या नावाने तिचा उल्लेख करणारं कुणी गावात जन्माला आलं नव्हतं. सगळे झेंडाखोली म्हणत, आणि तिथे बसणाऱ्या बाईला झेंडाताई. पगाराच्या कागदावर तिचं दुसरं काहीतरी नाव असणारच. पण बँकेतला कॅशियरसुद्धा ते वाचायच्या भानगडीत पडत नसे. "या झेंडाताई," म्हणून तो सरळ पैसे पुढे करायचा.

झेंडाताईचे वडील तंबू शिवायचे. जाड कापड, मेणाचा दोरा आणि बोटात चामड्याची टोपी घालून चालवायची सुई, यांच्यातच ती मोठी झाली. झेंडाखोलीतल्या म्हाताऱ्या शिंप्याची नजर गेली तेव्हा त्याच्या हाताखाली माणूस हवा होता. ती गेली आणि तिथलीच झाली. लग्नाचं तिने स्वतः मनावर घेतलं नाही, आणि घरच्यांनी मनावर घेतलं तोवर वेळ निघून गेली होती. पुढे धाकटी बहीण सासरशी फाटल्यावर एक बॅग आणि तिखट जीभ घेऊन परत आली. तेव्हापासून दोघी बहिणी एका छपराखाली, भांडत का होईना, सुखाने राहत होत्या.

काम तसं बारमाही होतं. नगरपालिकेवर, शाळांवर, इस्पितळावर, गोदीवर देशाचा झेंडा असायचा आणि त्याच्या शेजारी, हातभर आखूड खांबावर, प्रांताचा. देशाचा झेंडा मोरपंखी रंगाचा, त्यावर पांढरा तिरका पट्टा. तो पट्टा म्हणजे शांतता, असं शाळेच्या पुस्तकात होतं. वडील मात्र सांगायचे, की पहिला झेंडा घाईघाईत दोन तुकडे जोडून शिवला होता. दोन्ही तुकड्यांचा रंग जुळेना, म्हणून जोडावर कुणीतरी घरातली चादर फाडून पट्टी मारली. खरं खोटं देव जाणे. प्रांताचा झेंडा मातकट, त्यावर एका पायावर उभा राखी बगळा. प्रांत देशात सामील झाला तेव्हा या बगळ्यावर बंदी आली होती. झेंडा घरात सापडला तर माणूस तुरुंगात जायचा. झेंडाताईच्या आजीने तो रजईच्या आत, दोन अस्तरांच्या मध्ये शिवून टाकला होता. लहानपणी ती रजई पांघरली की झेंडाताईच्या हाताला आतल्या पक्ष्याची उठावदार चोच लागायची. ती तिथे बोट ठेवून झोपायची. बंदी उठल्यावर आजीने रजई उसवली, झेंडा काढून दिला, आणि त्यानंतर कितीतरी दिवस या मुलीला झोप लागेना.

झेंड्याला जपायचे तिचे नियम साधे आणि कडक होते. थंड पाणी, सौम्य साबण. पिळायचा नाही. उन्हात घालायचा नाही. जाळीच्या चौकटीवर आडवा पसरून सावलीत वाळवायचा. खांबावरच्या झेंड्याची वाऱ्याकडची कड आधी झिजते, ती कापून पुन्हा दुमडून शिवायची. त्यामुळे झेंडा दर खेपेला थोडा आखूड होतो. अगदीच गेला की आधी पट्टा उसवून वेगळा करायचा. पट्टा निघाला की तो झेंडा राहत नाही, नुसतं कापड होतं, आणि मगच ते जाळायचं. या कामात झेंडाताईचा हात कधी थरथरला नाही. तिच्या लेखी ते म्हाताऱ्या माणसाला शेवटची आंघोळ घालण्यासारखं होतं.

तर त्या हिवाळ्यात सीमेकडच्या रस्त्यावर फौजेचा एक ट्रक दरीत कोसळला. त्यात या गावची दोन पोरं होती. एक बेकरीवाल्या वहिनींचा मुलगा आणि दुसरा चौकातल्या सलूनवाल्या काकांचा. वहिनींना नवरा नव्हता, काकांना बायको नव्हती, आणि दोघांनाही एकेकच लेकरू. बर्फातून सगळ्यांना बाहेर काढायला वेळ लागला. मग खिळे ठोकलेल्या दोन पेट्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर पेट्या उघडू नयेत असा वरचा हुकूम.

पेट्यांवर झेंडे झेंडाताईनेच पसरले. नवे, तिच्याच हातचे. दोन्ही पेट्या अगदी एका मापाच्या होत्या. कोपरा सारखा करता करता तिच्या मनात आलं, की वहिनींचा मुलगा केवढा उंच होता, तो यात मावला कसा? पण असल्या वेळी असले विचार करू नयेत म्हणून तिने तो झटकून टाकला. दफन झालं. झेंड्यांच्या घड्या करून तिने एक वहिनींच्या हातात दिला, एक काकांच्या. "याला काही झालं, डाग पडला, तर माझ्याकडे आणा," एवढंच तिला सुचलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी वहिनी आल्या. हातात पावाची कागदी पिशवी, आणि तीत पाव नव्हता, झेंडा होता.

"ताई, हा जरा धुऊन द्याल?"

"काही सांडलं का यावर?"

"नाही."

"मग?"

वहिनींनी मागे वळून दार नीट लागलंय का ते पाहिलं. "याला वास येतो. दाढीच्या साबणाचा."

झेंडाताईने कापड नाकाशी धरलं. कोऱ्या कापडाचा आणि किंचित पिठाचा वास, बाकी काही नाही. "मला नाही येत हो."

"येईल," वहिनी म्हणाल्या. त्या सांगण्यात हट्ट नव्हता, नुसता थकवा होता. "आणि हा घडीत राहत नाही. उशाशी ठेवला तर सकाळी उलगडलेला. म्हणून कपाटात टाकला, स्वेटरांच्या खाली. कुलूप लावून. तर कपाटाचं दार आतून फुगायला लागलं. पत्र्याचं कपाट आहे, ताई. पत्रा फुगतो का कधी?"

झेंडाताईने मान हलवली. दुःख माणसाला काय काय दाखवतं, हे तिने खिडकीपलीकडच्या दाखल्यांच्या रांगेत पुष्कळ पाहिलं होतं. "ठेवून जा. चार दिवसांनी या."

टबात पाणी भरून तिने झेंडा बुडवला. पाण्यातून उचललेला झेंडा किती जड लागतो, हे तिच्या मनगटांना पाठ होतं. हा त्याहून जड लागला. निथळू दिला तरी वजन तसंच. झोपलेलं मूल कडेवर घेतलं की कसं अंग टाकून देतं, तसं ते कापड तिच्या दोन्ही हातांवर पडलं होतं. तिने तो जाळीवर पसरला, कडा सारख्या केल्या आणि चहाला गेली.

परत आली तर झेंडा मधोमध वर आला होता.

आधी तिला वाटलं, खालून वारा येतोय. तिने खिडकी लावून घेतली. कापड तसंच. वरच्या बाजूला लहानसा गोल उंचवटा, त्याखाली रुंद, मग निमुळतं होत जाऊन शेवटी दोन टोकं. आणि त्या टोकांच्या अलीकडे उजवीकडे एक कोपरा बाहेर निघालेला, गुडघा मुडपून ठेवावा तसा. तिने वाकून जाळीखालून हात घातला. खालून सगळं पोकळ होतं, बोटांना फक्त गार जाळी आणि ओलं कापड लागलं. मग तिने वरून तळवा ठेवला. वरून ते भरीव होतं, आणि कोमट.

झेंडाताई किंचाळली नाही. तिने हात काढून साडीला पुसला आणि स्टुलावर बसून राहिली. बाहेर दाखल्याच्या खिडकीशी कुणीतरी सुट्या पैशांवरून हुज्जत घालत होतं. दुपारचं ऊन खिडकीच्या काचेवर पसरलं होतं. त्या लख्ख उजेडात खोलीत दाढीच्या साबणाचा वास हळूहळू दाटत गेला.

तिने इस्त्री केली. कापड आज्ञाधारकपणे सपाट झालं. घडी केली, वर लाकडी पाट ठेवला. सकाळी येऊन पाहते तो पाट जमिनीवर, झेंडा टेबलावर उलगडलेला, आणि ते झेंड्याखाली झोपलेलं. तिसऱ्या दिवशीही तेच. कापडाचा उंचवटा आता जरा कुशीवर वळला होता.

चौथ्या दिवशी हेडक्लार्क आत डोकावले. यांना बारा महिने सर्दी. फाइल वाचताना एक रुमाल आणि बोलताना दुसरा. "काय झेंडाताई, आज खांबाला अजून झेंडा..." असं म्हणता म्हणता त्यांची नजर टेबलावर गेली.  मग नाक शिंकरून म्हणाले, "ओल आली असेल."

"उन्हाळ्यात?"

"ओलीला काय, केव्हाही येते." ते दाराशी सरकले होते. "बाद करा ना हा. उसवून टाका. खराब झाला म्हणायचं, नियमात बसतं."

ते गेल्यावर तिने खरंच छोटी कात्री घेतली. उसवला की झेंडा राहत नाही, नुसतं कापड होतं. इतकी वर्षं तिने हेच केलं होतं. पांढऱ्या पट्ट्याच्या टोकाशी कात्रीचं पातं घालून तिने एक टाका कापला.

मुडपलेला गुडघा पोटाशी ओढला गेला. झोपेत कुणी गार हात लावला की माणूस पाय आखडून घेतो, अगदी तसा.

कात्री तिच्या हातातून सुटून फरशीवर खणकन वाजली. तिने सुई ओवली. दोनदा दोरा चुकला. तो एक टाका तिने पुन्हा घातला, आणि आजूबाजूला कुणी नाही असं पाहून हळूच म्हणाली, "चुकलं माझं. झोप."

त्या दुपारी डबा घरीच विसरला होता, म्हणून धाकटी तो घेऊन आली. आल्या आल्या तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला, "तीन दिवस घरात तोंडातून शब्द नाही, आज डबा विसरलीस, उद्या मला विसरशील आणि..." आणि टेबलाजवळ येऊन ती थांबली. डबा अलगद खाली ठेवला. धाकटी कशालाच न घाबरणारी. तिने झेंड्याला हात लावला नाही, फक्त वाकून बघत राहिली, पाळण्यात वाकून बघावं तसं.

"कोण आहे हा?" तिने विचारलं.

"बेकरीवाल्या वहिनींचा मुलगा असणार. त्याच्या पेटीवरचा झेंडा आहे."

"असणार म्हणजे? तिला दाखवलास का?"

"कसं दाखवू? आई आहे ती. बघून छातीत कळ यायची तिच्या."

"आई आहे म्हणूनच दाखव," धाकटी म्हणाली. "तुला काय कळणार, हा कोण ते. कधी कुणाला अंगाखांद्यावर वाढवलंयस?" हे लागेल असं बोलली खरी, पण बोलून झाल्यावर तिनेच ताईचा हात धरला.

वहिनींना धाकटीनेच जाऊन आणलं. त्या बेकरीतून तशाच आल्या, हात कोपरापर्यंत पिठाने पांढरे. दाराशी क्षणभर थबकल्या, मग सरळ टेबलापाशी आल्या. झेंडाताई त्यांना धरायला पुढे झाली, पण तशी वेळ आली नाही. वहिनींनी दोन्ही हात पसरून डोक्याच्या उंचवट्यापासून पावलांपर्यंतचं अंतर मापलं. पुन्हा एकदा मापलं. कापडावर कुठेही बोट टेकू दिलं नाही.

"किती बुटका आहे हा," त्या म्हणाल्या.



"माझा पोरगा दारातून वाकून यायचा. भट्टीवरची फळी रोज डोक्याला लागायची त्याला. मी म्हणायचे, अरे, फळी हलवू या, तर म्हणायचा, राहू दे आई, जाग येते चांगली." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "ताई, हा माझा नाही. मग माझा कुठे आहे?"

झेंडाताईला तेव्हा त्या दोन पेट्या आठवल्या, एका मापाच्या. आणि दाढीच्या साबणाचा वास. 

चौकातलं सलून त्या वेळी रिकामं होतं. काका आरशासमोर कात्र्या पुसत बसले होते. बुटके, नीटनेटके, कपाळावर एकही केस इकडचा तिकडे नाही असे गृहस्थ. झेंडाताईला आरशात पाहूनच त्यांचे हात थांबले.

"काका, तुमच्याकडचा झेंडा ठीक आहे ना, बघायला आले. कसर वगैरे लागते कधीकधी."

"ठीक आहे. अगदी ठीक आहे."

"एकदा पाहते ना."

"नको." मग त्यांना स्वतःचाच आवाज मोठा वाटला असावा. "म्हणजे, आत पसारा आहे ताई."

ती खुर्चीत बसली. गिऱ्हाईक बसतं त्या खुर्चीत. आरशातून त्यांच्याकडे बघत ती म्हणाली, "वहिनींकडचा माझ्याकडे आलाय. त्याच्याखाली कुणीतरी आहे, काका. बुटका आहे. उजवा गुडघा असा बाहेर काढून झोपतो. आणि खोलीभर तुमच्या या साबणाचा वास येतो."

काकांनी कात्री खाली ठेवली. त्यांचा चेहरा आरशात हळूहळू विरघळत गेला. "शिडीवरून पडला होता लहानपणी," ते म्हणाले. "पाटीला रंग देत होतो मी, हा मागून चढला. गुडघा नीट बसलाच नाही."

मग त्यांनी तिला आत नेलं. मागची खोली लहान, पण धुतल्यासारखी स्वच्छ. पलंगावर झेंडा पसरला होता. त्याखाली कुणीतरी उताणं झोपलं होतं, इतकं लांब, की पावलं पलंगाच्या कडेबाहेर जात होती. त्या पावलांखाली काकांनी एक स्टूल लावून ठेवलं होतं. स्टुलावर उशी.

"अवघडायचे हो पाय," ते म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी. माझा पोरगा माझ्या खांद्याला लागायचा." ते पलंगाच्या कडेला बसले, अगदी सवयीने बसले, आणि खालच्या आवाजात बोलू लागले. "आधी भीती वाटली. मग वाटलं, कुणाचा का असेना, कुणीतरी घरात आहे. दुकान मिटवून मागे आलो की दोन शब्द बोलायला माणूस असतं. पाऊस आला की हा खिडकीकडे तोंड करतो. पहाटे लवकर हालचाल सुरू होते याची, भट्टीची सवय असणार. कुणाचा आहे ते कळत होतं मला. रोज ठरवायचो, उद्या वहिनींना सांगू. आणि रोज दाराशी जाऊन परत यायचो." त्यांनी वर पाहिलं. "सांगितलं असतं तर हा गेला असता ना?"

 ती उभी राहून त्या लांब पावलांकडे बघत राहिली. खोलीत कोमट, भाजल्या पावाचा वास होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका झेंडा घेऊन झेंडाखोलीत आले. घडी करवली नव्हती त्यांच्याने, दोन्ही हातांवर आडवा धरून आणला होता. झेंडाताईने दोन टेबलं शेजारी शेजारी लावली होती. धाकटी दाराला पाठ लावून उभी राहिली, कुणी आत येऊ नये म्हणून. झेंडा पसरल्यावर कापड थोडा वेळ सपाट होतं, मग श्वास भरावा तसं वर आलं आणि पावलं टेबलाच्या टोकाशी जाऊन टेकली.

वहिनी त्या डोक्याशी उभ्या राहिल्या. त्यांनी नुसतं "अरे," म्हटलं. तेवढ्यावर त्या लांब देहाने मान त्यांच्याकडे केली. कापडाला सुरकुती पडली आणि विरली. वहिनी खाली वाकून त्याच्या कानाशी, जिथे कान असायला हवा तिथे, काहीतरी पुटपुटत राहिल्या. इकडे काका मुडपलेल्या गुडघ्यावर हात ठेवून उभे होते. गेल्या वेळी आखडलेला तो पाय त्यांच्या हाताखाली हळूहळू सैल झाला.

धाकटीने तोंडात पदर कोंबला होता. झेंडाताईच्या कानात मात्र एकच गोष्ट घुमत होती. खोलीत त्या चौघांखेरीज कुणाचाच श्वास ऐकू येत नव्हता.

झेंडे ज्याचे त्याला मिळाले, पण एवढ्याने भागलं नाही. उंचवटे गेले नाहीत. बुटक्या पोराचा झेंडा बापाच्या घरीही उलगडू लागला. शेवटी झेंडाताई हेडक्लार्ककडे गेली आणि पेट्यांची अदलाबदल झाल्याचं सरळ सांगितलं.

हेडक्लार्कनी दोन्ही रुमाल वापरले. "पेट्या उघडायच्या तर वर विचारावं लागेल. वर विचारलं तर ते म्हणतील, आमच्याकडून अशी चूक होत नाही. मग आपण काय म्हणायचं?" त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बगळ्याचा झेंडा वारा नसल्याने खांबाला चिकटून लोंबत होता. "मात्र कबरीवरचा दगड... आता दगडावरची अक्षरं पुसट झाली, तर नवा दगड बसवायला कुणालाही विचारावं लागत नाही. अक्षरं पुसट झालीयेत का, हे बघायलाही कुणी येत नाही."

पाथरवटाने दोन दगड अलगद काढले आणि जागा बदलून बसवले. दोन्ही कबरी दफनभूमीच्या दोन टोकांना होत्या, त्यामुळे एकेक दगड हातगाडीवरून सगळी वाट चालत न्यावा लागला. वहिनी आपल्या दगडाबरोबर चालत गेल्या, काका आपल्या. वाटेत दोन्ही गाड्या एकमेकींना भेटल्या तेव्हा दोघांनी एकमेकांना वाट दिली. संध्याकाळी झेंडाताईने दोन्ही झेंडे पुन्हा मागवून जाळीवर पसरले. ते पसरले तसेच राहिले. वरून तळवा ठेवला तरी हाताला फक्त कापड लागत होतं. दोन दिवस तिने वाट पाहिली, मग घड्या केल्या आणि नेऊन दिल्या.

वहिनी आता शांत झोपू लागल्या. काकांचं मात्र उलटं झालं. ते एकदा झेंडाखोलीत येऊन बसले, इकडचं तिकडचं बोलले आणि मग विचारलं, "ताई, एकदा धुवून बघता का? कदाचित पाणी लागलं की..."

"नाही काका," ती म्हणाली. "आता तो तिथे नाही."

"माझा परत आला आणि गप्प झाला हो. तो दुसरा निदान..." 

त्यानंतर ते बेकरीत जाऊ लागले. रोज दुकान मिटवायच्या आधी, एक पाव घ्यायला. गावाने काय समजायचं ते समजून टाकलं. धाकटीने तर लग्नात कुठली साडी नेसायची तेही ठरवलं. पण तसलं काही नव्हतं. काका काउंटरच्या अलीकडे उभे राहून वहिनींना त्यांच्या मुलाचं सांगत. पाऊस आला की तो खिडकीकडे कसा वळायचा. पहाटे किती लवकर चुळबुळ करायचा. कुठल्या कुशीवर त्याला जास्त वेळ झोप लागायची. तेवढे महिने तो त्यांच्याकडे होता, आणि आईला त्यातला एकेक दिवस हवा होता. ती पिठात हात घालून ऐकत राहायची. गिऱ्हाईकं खोळंबली तरी तिला त्याचं काही नसायचं.

एकदा झेंडाताई पाव घ्यायला उभी असताना काकांनी विचारलं. बहुधा फार दिवसांपासून विचारायचं मनात असावं. "आणि माझा? तुमच्याकडे कसा होता तो?"

वहिनींनी हात पिठातून काढले. खोटं बोलणं सोपं होतं. झेंडाताईला तर मनातून वाटत होतं, बोला हो वहिनी, बरा होता म्हणा.

"मी त्याला कपाटात ठेवला होता," वहिनी म्हणाल्या. "कुलूप लावून. मला त्याच्या वासाचा राग यायचा."

काकांनी मान खाली घातली. काउंटरवरच्या काचेवर त्यांनी दोन्ही तळवे टेकवले. "अंधाराला भ्यायचा तो," ते म्हणाले. "मोठा झाला तरी. फौजेत गेला तेव्हा मला तीच एक काळजी होती."

 मग वहिनींनी काउंटरची फळी उचलली आणि बाजूला झाल्या. "आत या," त्या म्हणाल्या. "बसा. आणि मला सगळं सांगा त्याचं, पहिल्यापासून."

काका आत गेले. झेंडाताईने पैसे काचेवर ठेवले, आपला पाव आपणच उचलला आणि बाहेर पडली.